आठ दिवस पत्र्यावर

आमच्या ऑफिसच्या पत्र्यावर कायम काहीतरी वाळत घातलेलं असायचं. नव्या माणसाला वाटायचं, पापड-कुरडया असतील. शिडी चढून पाहिलं की दिसायच्या वह्या, पेन्सिली, कपड्यांचे चिमटे, सुतळीचे तुकडे, एकदा तर शाळेची अख्खी कंपासपेटी. वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येक वस्तूवर दगड आणि शेजारी पत्र्यावरच खडूनं लिहिलेली तारीख. आठ दिवस उन्हात राहून जी वस्तू कामाची उरेल, तिलाच आमच्या कामात जागा. हा कायदा ताईंचा होता.

त्या पत्र्यावर एक वस्तू मी आठ दिवस ठेवायची होती. मी ती ठेवली नाही आणि ठेवली म्हणून सांगितलं. ताईंबद्दल काहीही सांगायला बसलो की मी इथंच येऊन अडखळतो, म्हणून म्हटलं, आधी हेच सांगून मोकळं व्हावं.

देऊळगाव राजाच्या शिवारात जाळीची घरं दिसतात, ती शेडनेट. आत टोमॅटो, मिरची, काकडी असते, पण ती खायची नसते, बियाण्याची असते. कंपनी शेतकऱ्याला दोन जातींची रोपं देते, एक नर म्हणून आणि एक मादी म्हणून. बाया दुपारी मादीच्या कळीतले पुंकेसर उपटून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला नराचा पराग लावतात. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. फूल न् फूल हातानं. कोणतं झालं, कोणतं राहिलं, कोणी केलं, यात गोंधळ झाला की बी भेसळीचं निघतं आणि कंपनी त्या घरचा सगळा माल नाकारते. ज्याचा माल नाकारला त्याला पुढच्या हंगामात प्लॉट देत नाहीत. मग सांगाडा उभा राहतो आणि आत गवत वाढतं.

अशा चाळीस नेटची नोंद ताईंकडे होती. मूळच्या जानेफळच्या, वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं किरकोळ. गळ्यात दोरीला बांधलेली पेन्सिल आणि हातात पत्र्याची पेटी. शेतीची पदवी घेऊन मी संग्रामपूरहून त्या बियाण्याच्या कंपनीच्या तिथल्या ऑफिसात रुजू झालो तेव्हा कागदोपत्री मी त्यांचा साहेब होतो. ताई चारचौघांत मला साहेबच म्हणायच्या. पण त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला की आपल्या शर्टाचं बटण उघडं आहे की काय असं वाटायचं.

रागावल्या तरी त्या ओरडत नसत. गळ्यातली पेन्सिल दातांत धरायच्या. नेटमधल्या बायांना दुरूनसुद्धा ते कळायचं आणि सगळ्या ओळीतल्या गप्पा थांबायच्या. पेन्सिल पुन्हा गळ्यावर आली की बोलणं सुरू. मी स्वतः त्या पेन्सिलीला आमच्या जालन्याच्या मोठ्या साहेबांपेक्षा जास्त घाबरायचो, हे कबूल करायला आता हरकत नाही.

ताईंचे तीन प्रश्न ठरलेले होते. नोंदीच्या कामासाठी कुणी कोणतीही वस्तू आणली की ती हातात घेऊन त्या विचारायच्या, "पाण्याउन्हात टिकते का? एका हातानं चालते का? मी उद्या मेली तं दुसऱ्याले समजते का?" तिन्हीला हो असेल तरच पेटीत जागा. टोपणाचा पेन दुसऱ्या प्रश्नाला बाद. "एक हात फुलाशी गुतला. टोपण कोण काढन, तुही माय?" पेन ड्राइव्ह तिसऱ्याला बाद, कारण त्यात काय लिहिलंय ते बाहेरून दिसत नाही.

बालाजी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक स्टेशनरीचं दुकान आहे. ताई दिसल्या की तो दुकानदार नव्या वह्या मागच्या फळीवर सरकवायचा. एकदा मी सोबत होतो. ताईंनी वही उघडली, पानावर पेन्सिलीनं स्वतःचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, एक गिलास पाणी द्या."

"प्यायला का?" त्यानं विचारलं, आशेनं.

ताईंनी पानाचा कोपरा पाण्यात बुडवला आणि शंभर मोजले. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, वही आहे ती, बिस्कीट नाही."

"बिस्कीट असतं तं खाल्लं असतं," ताई म्हणाल्या. पान फाटलं नाही म्हणून त्यांनी डझनभर वह्या घेतल्या, भिजलेलीसकट.

कुणाला वाटेल, जुन्या वळणाची बाई, नव्या यंत्रांचा राग असेल. तसं मुळीच नव्हतं. कंपनीनं टॅबलेट पाठवला तेव्हा त्या त्याच्याकडे नव्या सुनेकडे पाहावं तशा कौतुकानं पाहत होत्या. आणि मग त्यांनी तोही पत्र्यावर चढवला. तासाभरात तो तापून बंद पडला. जालन्याहून मला फोन आला की तुमचं यंत्र बंद का दाखवतंय. काय सांगणार? म्हटलं, परीक्षा चालू आहे. त्यानंतर टॅबलेटला ऑफिसात, पंख्याखाली, संध्याकाळच्या नोंदीपुरतं काम मिळालं आणि ते काम ताई नेमानं करायच्या.

तिसऱ्या प्रश्नाचं मूळ मला त्यांनी एकदाच सांगितलं. त्या नवीन होत्या तेव्हा एका मुकादमाच्या हाताखाली होत्या. त्याचं डोकं म्हणजे कमाल. कोणती ओळ नराची, कोणती मादीची, कोणत्या बाईनं कुठपर्यंत क्रॉसिंग केलं, सगळं तोंडपाठ. एक दिवस त्याला झटका आला आणि वाचा गेली. बाजेवर पडून तो हातवारे करत होता आणि कुणाला काही कळत नव्हतं. चार नेटमधली रोपं उपटून टाकावी लागली.

"डोकं हे साधन नाई," ताई म्हणाल्या. "डोकं घरी जाते."

असं सगळं असून ताईंच्या स्वतःच्या पेटीतली सगळ्यात मोठी वस्तू तिसऱ्या प्रश्नाला नापास होती, आणि हे त्यांना टोचत होतं. ती वस्तू म्हणजे लोकर. प्रत्येक बाईचा एक रंग, वाराप्रमाणे गाठी. क्रॉसिंग झालेल्या फुलाच्या देठाला लोकरीचा तुकडा. पुढं तीच लोकर त्या घरच्या टोपल्यांना, पोत्यांना, वाळवणाच्या खाटांना. लाल, दोन गाठी, वर हिरवा फेरा, म्हणजे काय ते ताई दहा पावलांवरून वाचायच्या. पण फक्त ताईच. मला शिकवायचा त्यांनी महिनाभर प्रयत्न केला. मी शिकलो नाही. खरं सांगायचं तर शिकायचं मनावर घेतलं नाही, कारण माझ्या डोक्यात स्टिकर होते.

तो छोटा प्रिंटर मी जालन्याला एका दुकानात पाहिला होता. शाई लागत नाही, नुसत्या उष्णतेनं अक्षरं उमटतात. शेतकऱ्याचं नाव, जात, नेटचा नंबर, तारीख, सगळं ठळक छापून बाहेर. मोठ्या साहेबांना फोनवर सांगितलं तर ते इतके खूश झाले की म्हणाले, या हंगामातच लावा, पुढच्या बैठकीत तुम्हीच सगळ्यांना दाखवा. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. ती पक्की होणार की नाही हे त्याच बैठकीत ठरणार होतं.

ताईंनी स्टिकर हातात घेतला. उजेडात धरला, नखानं खरवडला. "हे तं एसटीच्या तिकिटासारखं दिसून राह्यलं."

"ते वेगळं, ताई. हा कागद भारी असतो."

"अक्षर सुंदर हाय," त्या म्हणाल्या. मग स्टिकर डोळ्यांजवळ नेऊन मोठ्यानं वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे तं कोणीबी वाचन. मी मेली तरी वाचन." स्टिकर मला परत देत म्हणाल्या, "पत्र्यावर ठेवजो. आठ दिवस."

त्यांचे गुडघे दुखायला लागले होते, शिडी चढवत नव्हती. म्हणून पत्र्याचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं.

मोठ्या साहेबांना मी आधीच सांगून बसलो होतो की स्टिकर लागले. दोन हजार स्टिकर छापून तयार होते. आठ दिवसांत काही उलटसुलट निघालं असतं तर माझी फजिती झाली असती. मी पाच स्टिकर माझ्या टेबलाच्या खणात ठेवले. आठव्या दिवशी सकाळी शिडीवर चढलो, पत्र्यावरची धूळ बोटावर घेतली आणि त्या पाचही स्टिकरना चोळली. एकाचा कोपरा थोडा दुमडला. इतक्या मन लावून मी त्या ऑफिसात दुसरं कुठलंच काम केलं नव्हतं.

ताईंनी धूळ फुंकली, पाण्यात बुडवून शंभर मोजले, एका हातानं चिकटवून पाहिला. वहीत लिहिलं, स्टिकर, पत्रा आठ दिवस, पास. मग पेटी उघडून लोकरीची सगळी गुंडाळी बाहेर काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "हे घे. आता याचं काम सरलं." त्यांना इतकं हलकं झालेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. ती लोकर मी कपाटावर टाकून दिली.

नेटमध्ये सावली असते, तिथं स्टिकर टिकले. अक्षरं जरा फिकी पडली असतील, पण ती फिकी पडलीत हे पाहायला कालचं अक्षर आज शेजारी ठेवावं लागतं, आणि ते कोण ठेवतो? टोमॅटो पिकले, तोडले, बी धुऊन काढलं. सहा घरांचं बी वाळवायला आमच्या ऑफिसच्या अंगणात आणलं. एका घरची एक खाट, खाटेवर जाळी, जाळीवर बी आणि खाटेच्या पायाला स्टिकर. एप्रिलचं ऊन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जालन्याला बैठकीला गेलो.

बैठक झकास झाली. मी पडद्यावर स्टिकरचे फोटो दाखवले, टाळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी तपासणीच्या साहेबांनीच मला त्यांच्या गाडीतून परत आणलं. सहाही घरच्या बियाण्याचे नमुने घेऊन ते सील लावणार होते. रस्ताभर ते माझं कौतुक करत होते आणि मी नको नको म्हणत ऐकत होतो.

गाडीतून उतरलो तेव्हा सहाही घरची माणसं खाटांभोवती उभी होती. ताईंच्या दातांत पेन्सिल होती.

मी पहिल्या खाटेपाशी वाकलो. स्टिकर होता, अक्षर नव्हतं. दुसरा करडा, धुरकट, कोरा. तिसरा पांढरा. सहाही तसेच. टोमॅटोचं बी सगळं एकसारखं असतं, बारीक, करडं, लव असलेलं. तीन वेगवेगळ्या जाती त्या अंगणात होत्या आणि कोणती कुठं आहे हे सांगणारं एकही अक्षर शिल्लक नव्हतं. टॅबलेटमध्ये सगळ्यांची नावं होती, पण कुणाची खाट कोणती हे त्यात कुठून असणार? दोन दिवसांत चार वेळा खाटा उन्हाप्रमाणे सरकवल्या होत्या.

ताईंनी पेन्सिल दातांतून काढली आणि पहिलं वाक्य बोलल्या, "कोणी खाटेले हात लावू नका."

त्यांनी एकेका घराला बोलावलं. खाट दाखवायला नाही, आपली जाळी कशी बांधली होती ते सांगायला. एकानं सांगितलं, ट्यूबच्या रबरानं, डाव्या कोपऱ्यात दोन वेढे. ताईंनी जाऊन पाहिलं, होतं. दुसऱ्या घरच्या बाईनं साडीच्या काठाची चिंधी सांगितली. तिसऱ्यानं जाळीला घातलेला टाका. चौथ्या घरच्या म्हातारीनं सांगितलं की खाटेचा एक पाय आखूड, खाली फरशीचा तुकडा दिलाय. अर्ध्या तासात चार खाटांसाठी ताईंनी पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर नावं लिहिली, भिजू नयेत म्हणून पुठ्ठ्यांवर मेणबत्ती घासली आणि ते चिमट्यानं खाटांना लावले. माझ्या जिवात जीव यायला लागला.

दोन उरल्या. एक दिनकरची, एक कमलबाईची. दोघांनी त्याच आठवड्यात कंपनीकडून नव्या खाटा आणि नव्या जाळ्या घेतल्या होत्या, कंपनीच्याच सुतळीनं बांधलेल्या. जाती मात्र वेगळ्या. कमलबाईचं ते पहिलंच वर्ष होतं. नवरा एसटीत वाहक, नेट तिनं एकटीनं पाहिलं होतं.

"ही आमची," दिनकर म्हणाला. "शंभर टक्के. मी काय आपलं बी ओळखणार नाही का?"

ताई त्याला म्हणाल्या, "भाऊ, जरा गेटबाहेर जाऊन या." तो गेला. ताईंनी आम्हाला दोन्ही खाटा उचलून जागा बदलायला लावल्या आणि त्याला आत बोलावलं. दिनकर आला, दोन्हीकडे वाकून पाहिलं, बी चिमटीत घेतलं आणि खात्रीनं बोट दाखवलं. दुसऱ्याच खाटेकडं.

ताई कमलबाईकडे वळल्या. तिनं दोन्ही खाटा निरखल्या. तिचे हात पदराखाली होते. "नाही सांगता येत, ताई," ती म्हणाली. "खोटं काहून सांगू?"

हे वाक्य मी तिच्यापासून चार फुटांवर उभं राहून ऐकलं.

तपासणीच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ताई, दोनच तर आहेत. एक यांची, एक त्यांची. लिहून टाका नावं, मी सील करतो."

"आन् उलटी निघाली तं?"

"अर्धी शक्यता तर बरोबर आहे ना?"

"साहेब, कोणीतरी ही पुडी इकत घेऊन रान लावन. त्याले काय सांगू, अर्धी शक्यता होती म्हून?"

बी लावून पाहिलं असतं तर जात कळली असती. पण ज्या मालाला ओळख नाही तो चाचणीला घ्यायचाच नाही, असा कंपनीचा नियम होता. साहेबांनी दोन्ही खाटांपुढं नाकारल्याचा शेरा लिहिला. दिनकर तोंडाला येईल ते बोलत गेटबाहेर गेला. कमलबाई तिथंच बसली.

"स्टिकर पास कोणी केले होते?" साहेबांनी विचारलं.

"मी केले," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "पत्र्यावर ठेवले होते नं, आठ दिवस?"

सगळे माझ्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हणालो.

"मंग माही परीक्षाच कच्ची हाय," ताई म्हणाल्या. त्यांनी वही काढली, पहिल्या पानावर लिहिलेल्या पत्र्याच्या नियमातला आठ खोडला आणि सोळा लिहिला.

माझी नोकरी पक्की झाली. ताईंना नोंदीच्या कामावरून काढून गेटच्या रजिस्टरवर बसवलं आणि त्यांची पेटी मला मिळाली. तिथंही त्यांचं चालूच होतं. गेटवरच्या रजिस्टरसाठी पेन्सिल निवडायची तर ती पत्र्यावर सोळा दिवस. कुलूप सोळा दिवस. कुणाला तरी शिडीवर चढवून त्या खालून तारीख सांगायच्या. लोक हसायचे, बाई आता चळली म्हणायचे. मी टेबलाशी बसून खडूनं लिहायला सांगितलेले ते आकडे खिडकीतून ऐकायचो आणि मला जेवण जायचं नाही. माझ्या एका शब्दानं त्या बाईचा तिच्या आयुष्यभराच्या मापावरचा विश्वास उडाला होता, आणि दुसरा एक शब्द बोललो असतो तर तो परत बसला असता. हंगाम संपला आणि ताई जानेफळला निघून गेल्या.

दोन वर्षं गेली. दिनकरनं दुसऱ्या कंपनीचा प्लॉट मिळवला. कमलबाईला कुणी दिला नाही. तिच्या नेटची जाळी फाटली आणि ती दिनकरच्याच नेटमध्ये रोजानं क्रॉसिंगला जायला लागली.

गेल्या फेब्रुवारीत मी मेहकरला कामाला गेलो होतो. परतीच्या गाडीत न बसता जानेफळच्या गाडीत बसलो. ताईंचं घर कुणीही दाखवलं असतं, आणि दाखवलं नसतं तरी सापडलं असतं, कारण पत्र्यावर दगडाखाली वस्तू होत्या. ताई ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आत कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती, शेजारी डब्यांची रांग, प्रत्येक डब्यावर पुठ्ठ्याची चिठ्ठी.

"साहेब! काऊन रे बाप्पा, वाट चुकला का?"

पाणी दिलं, चहा टाकला. मी इकडचं तिकडचं बोललो. मग पत्र्याकडे बोट करून विचारलं, "ते काय आहे?"

"बचत गटाच्या वह्या. परवा सोळा भरतात."

मला पुढं रेटवेना. "ताई, स्टिकर मी पत्र्यावर ठेवलेच नव्हते. खणात ठेवले होते. वर धूळ चोळली."

शेंगा सोलणारे हात थांबले. त्यांनी पेन्सिल चाचपली आणि दातांत धरली. चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत. मग पेन्सिल काढली आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे आठच दिवस पुरे होते."

"हो."

"आठ बरोबर होते," त्या पुन्हा म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. मी हात जोडले, चुकलो म्हणालो, आणखीही काही बोललो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "कमलबाईले सांगतलं?"

"नाही."

"दिनकरले?"

"नाही."

"मंग मले काऊन सांगून राह्यला? माहा काय माल गेला होता?"

मी म्हणालो, सांगेन. नक्की सांगेन.

"लिहून घे," ताई म्हणाल्या. "डोकं घरी जाते." त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा आणि गळ्यातली पेन्सिल मला दिली. त्या पेन्सिलीला मी पहिल्यांदाच हात लावत होतो. मी लिहिलं, स्टिकर मी पत्र्यावर ठेवले नव्हते. ताईंना खोटं सांगितलं. चूक ताईंची नाही, कमलबाईची नाही, दिनकरची नाही. खाली सही केली. ताईंनी पुठ्ठ्यावर मेणबत्ती घासली, माझ्या पाण्याच्या गिलासात बुडवला आणि शंभर मोजले. एका हातात धरून पाहिला. मग डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला.

"समजते," त्या म्हणाल्या आणि पुठ्ठा मला परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिनकरच्या नेटमध्ये गेलो. क्रॉसिंगची वेळ होती, दहा-बारा बाया ओळींत वाकलेल्या. दिनकर पलीकडे परागाच्या डब्या वाटत होता. कमलबाई तिसऱ्या ओळीत होती, एका हातात फूल, दुसऱ्याच्या बोटावर पराग. मी पुठ्ठा तिच्यापुढं धरला.

"काय हाय?" तिनं वर न बघता विचारलं.

"वाचा."

"हात गुंतलेत, साहेब. तुम्हीच वाचा."

मी वाचलं. फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू. तिच्या बोटाखालचं फूल स्थिर राहिलं. तिनं त्या फुलाला पराग लावला, पुढच्याला लावला, मग सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. "दिनकरभाऊला ऐकू गेलं नाही."

ओळींमधल्या सगळ्या बाया वाकलेल्या वर आल्या होत्या. दिनकर हातातल्या डब्या तशाच धरून उभा होता. मी पुठ्ठा डोळ्यांसमोर धरला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला लागलो.